अजगराच्या खणातली ऊब

चूक माझी होती. थर्मोस्टॅटची नळी मी चुकीच्या जागी लावली, त्यामुळे एका जखमी अजगराचं पोट भाजलं, आणि त्याचा दोष मी घरातल्यांसमोर वहिनींवर जाऊ दिला. 'जाऊ दिला' हेही जरा सौम्यच झालं. मी तो त्यांच्याकडे ढकलला. ही हकीकत मी नंतर कितीतरी जणांना सांगितली, पण दर वेळी तिच्यातला माझा भाग गाळून. इथे तो भाग गाळायचा नाही असं ठरवून लिहायला बसलो आहे.

आम्ही बडोद्यात, सुभानपुऱ्यात राहतो. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, त्यांची एक तलवार माळ्यावर आहे आणि ती म्यानातून निघत नाही. दादा शाळेत गणित शिकवायचा. मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात होतो. प्लास्टिकच्या बादल्या नि डबे काढणाऱ्या मशीनच्या नळकांड्याला बाहेरून आवळून बसवायचे हीटर आम्ही बनवायचो. मी लग्न केलं नाही. वरच्या मजल्यावरची एक खोली माझी, आणि जेवण खाली, वहिनींच्या हातचं. हे असंच चालत आलं आहे आणि त्याबद्दल मला कधी तक्रार करावीशी वाटली नाही.

सापांचा नाद मला कारखान्यात लागला. आवारात साप निघाला की लोक काठ्या घेऊन धावत. एका जुन्या फिटरनं मला सळईनं साप उचलून पिशवीत घालायला शिकवलं. पुढे असं करणाऱ्या सात-आठ जणांचा गट जमला. कुणाच्या घरात साप निघाला की आम्ही जायचो, धरायचो आणि जंगल खात्याला कळवून रानात सोडायचो. तेव्हा नुकतेच फोन घरोघर लागायला लागले होते. आमच्याकडे तो लवकर लागला, म्हणून गटाचा नंबर म्हणून आमचाच नंबर गावभर गेला. मी दिवसभर कारखान्यात. फोन घ्यायच्या वहिनी.

वहिनींचं माहेर जुन्या शहरातल्या वाडी भागातलं. पोळात, म्हणजे गुजराती शेजाराच्या गल्लीत वाढलेल्या, त्यामुळे गुजराती बोलायला लागल्या की त्या मराठी आहेत हे सांगावं लागायचं. सापाला त्या भयंकर भ्यायच्या. पण फोनवर त्यांच्याइतकं शांत कुणी नव्हतं. "बेन, गभराशो नहीं. एने अडशो नहीं. बारणुं बंध करीने बहार ऊभा रहो," म्हणजे घाबरू नका, हात लावू नका, दार लावून बाहेर थांबा, हे त्या इतक्या सावकाश म्हणायच्या की पलीकडची बाई रडायची थांबायची. मग एकेक प्रश्न. रंग कसा? दोरीसारखा की दोरखंडासारखा? अंगावर साखळीसारखी नक्षी आहे का? पत्ता घेऊन त्या कारखान्यात मला फोन करायच्या आणि म्हणायच्या, "भावजी, धामण आहे. जेवून गेलात तरी चालेल." क्वचितच चुकायच्या.

एकदा एका गृहस्थाचा फोन आला. पलंगाखाली काळा साप, तासभर हललेला नाही. वहिनींनी सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "भाई, जरा वाकून बघा, त्याला बक्कल आहे का?"

पलीकडे पलंग सरकला. मग आवाज आला, "हा बेन, छे."

दादा ही कमरेच्या पट्ट्याची गोष्ट अजून पाहुण्यांना सांगतो.

पकडलेले साप आम्ही त्याच दिवशी सोडून द्यायचो. प्रश्न यायचा जखमी सापांचा. फावड्यानं चेचलेला, जाळ्यात अडकून कातडी कापलेला. अशा सापाला टाके घालून रानात सोडणं म्हणजे मारणंच. जनावरांचे एक डॉक्टर आम्हाला मदत करत आणि जंगल खात्यातल्या अधिकाऱ्यानं जखमी साप बरे होईपर्यंत ठेवायला चिठ्ठी दिली होती. म्हणून मी माझ्या खोलीशेजारच्या अडगळीत एक रॅक उभी केली. भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्यांची चौकट, तिच्यात प्लायवूडचे सहा खण, प्रत्येक खणाला पुढून जाळी, आणि सगळ्यांवर मिळून बाहेरून एक मोठं प्लायवूडचं दार, आतली हवा उबदार राहावी म्हणून. सुतारकाम माझं आणि दादाचं. दादानं प्रत्येक खण मोजून काटकोनात बसवला आणि मग सांगितलं, "आता यात साप ठेवणार म्हणतोस? पुस्तकं छान राहिली असती."

रोज सकाळी खालचे वर्तमानपत्राचे कागद बदलणं आणि पाण्याच्या वाट्या भरणं हे काम वहिनींनी आपणहून घेतलं. साप मी आधी पिशवीत काढून ठेवायचो, मग त्या खणाला हात लावायच्या. महिन्याभरात पिशवी लागेनाशी झाली. कागद बदलताना त्या सापांशी बोलायच्या. "सरक बाबा जरा, झाडू मारायचाय." आणि एखादा सरकायचाही.

त्या वर्षी डिसेंबरात अजगर आला. बडोद्याबाहेरच्या एका शेतात नांगराच्या फाळानं त्याची पाठ चिरली होती. चार फुटांचा, म्हणजे अजगरांत पोरच. डॉक्टरांनी टाके घातले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "टाके मी घातलेत, जखम भरायचं काम त्याचं. आणि ते तो ऊब असेल तरच करेल. या थंडीत त्याचं अन्न पोटात सडेल. रॅकमध्ये काहीतरी सोय करा, पण जपून."

'पण जपून' हे त्यांचे शब्द मला नीट आठवतात.

आधी साठाचा बल्ब लावून पाहिला, जाळीच्या पिंजऱ्यात. व्होल्टेज इतकं खालीवर व्हायचं की बल्ब दोन दिवसांत जायचा, आणि तो जाईपर्यंत खणात लख्ख उजेड. "त्याला वाचायचंय का काही?" वहिनींनी विचारलं. अजगर वेटोळं घालून डोकं लपवून बसायचा. मग मी कॉइलचा रूम हीटर आणला. दादानं तो खोलीच्या उंबऱ्यावरच अडवला. सुकं प्लायवूड, वर्तमानपत्रं आणि लाल तारा. "घर जाळून साप वाचवायचा नाही," तो म्हणाला, आणि ते बरोबरच होतं.

वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. थंडीत ढोकळ्याचं पीठ आंबायला ठेवताना त्या शेजारी गरम पाण्याची शेकायची पिशवी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायच्या, आणि वरून सगळ्याला गोधडी. "तसंच करू. खणाच्या एका कोपऱ्यात पिशवी. मी चार-चार तासांनी पाणी बदलेन. त्याला नको वाटलं तर तो दुसऱ्या कोपऱ्यात जाईल."

"वहिनी, हा ढोकळा नाही. अजगर आहे."

"पिठाला खालून चटका लागला तर ते आंबत नाही, भावजी. शिजतं."

मी हसलो. दादाही हसला. मला तेव्हा वाटलं की माझा आठ तासांचा धंदाच तापमानाचा आहे, आणि मला लुगड्याचं तंत्र सांगताहेत.

त्याच सुमारास आमच्या कारखान्याची गिऱ्हाइकं परदेशी मशीन आणायला लागली होती. त्यांच्यावर आकडे दाखवणारे नवे कंट्रोलर असायचे, त्यामुळे आमच्याकडचे जुने थर्मोस्टॅट निकामी ठरून कोपऱ्यात पडले. स्टोअरकीपरला सांगून त्यातला एक मी घरी आणला आणि एक चपटा पट्टी-हीटर. या जुन्या थर्मोस्टॅटची रचना साधी असते. डबीतून तांब्याची बारीक नळी निघते आणि तिच्या टोकाला बोटाएवढी कांडी असते. ती कांडी जिथे असेल तिथली उष्णता डबीला कळते आणि त्याप्रमाणे हीटर चालू-बंद होतो. बाकी कुठे आग लागली तरी तिला पत्ता नसतो. नव्या फिटर पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. ज्या वस्तूचं तापमान सांभाळायचंय, कांडी त्या वस्तूला चिकटवा, हवेत लोंबकळत ठेवू नका.

घरी मी ती हवेत ठेवली. पट्टी अजगराच्या खणाच्या तळाखाली बसवली, वर ॲल्युमिनियमचा पत्रा टाकला. कांडी पत्र्यापर्यंत न्यायची तर नळी वीतभर कमी पडत होती. लांब नळीचा थर्मोस्टॅट स्टोअरमध्ये होता, पण स्टोअरकीपर चार दिवस रजेवर होता. चार दिवस थांबायचं आणि तोपर्यंत वहिनींची शेकपिशवी वापरायची, एवढंच करायचं होतं. मी कांडी रॅकच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात टांगली, काटा तिसावर ठेवला, आणि संध्याकाळी सगळ्यांना बोलावून दाखवलं. वर लावलेला थर्मामीटर बरोबर तीस दाखवत होता. वहिनी म्हणाल्या, "वा!" मला फार बरं वाटलं. स्टोअरकीपर रजेवरून परत आला. लांब नळी आणायची राहून गेली.

आठ-दहा दिवसांनी वहिनी हातात कागद घेऊन खाली आल्या. अजगराच्या खणातला वर्तमानपत्राचा कागद, मध्ये तपकिरी झालेला. "भावजी, हे बघा. पापड भाजताना खाली ठेवल्यासारखा दिसतोय."

"जुना पेपर असेल. उन्हात पडून पिवळा झालेला."

तो त्याच आठवड्यातला होता. त्याच्यावरची क्रिकेटची बातमी मी स्वतः वाचली होती.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात बोचरं वारं सुटलं. मी पहिल्या पाळीला गेलो होतो. साडेतीनला घरी आलो तेव्हा गटातले दोघे मित्र अजगर बघायला येऊन बसले होते. चहा झाल्यावर आम्ही वर गेलो, मागून दादा. अडगळीची खिडकी उघडी, रॅकचं मोठं दार सताड उघडं, आणि खोलीत केस जळल्यासारखा बारीक वास. अजगर पत्र्यावर होता तसाच पडून होता. मी त्याला उचललं. पोटाखालचे खवले पांढरे पडले होते आणि दोन ठिकाणी फोड आले होते. पत्र्याला हात लावला तो तसाच मागे आला.

"हे दार कुणी उघडं टाकलं?" मी ओरडलो. त्या घरात मी तोपर्यंत कधी ओरडलो नव्हतो.

वहिनी जिन्यात होत्या. "मीच," त्या म्हणाल्या. "सकाळी पाणी भरत होते. वाडीतून फोन आला, बाळंतिणीच्या खोलीत साप होता. मी धावत खाली गेले ते… परत वर यायचं राहिलंच."

"वरच्या कांडीला गार वारा लागत राहिला. तिला वाटलं खण थंडच आहे, म्हणून हीटर सकाळपासून बंदच झालेला नाही. दार लावा, दार लावा, किती वेळा सांगितलं होतं!"

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. दादानं खिडकी लावून घेतली. मित्रांतल्या एकानं खाली बघितलं. वहिनींनी जवळ येऊन अजगराचं पोट पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि खाली निघून गेल्या.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं की सापाला खालून चटका बसतो आहे हे लवकर उमगत नाही, तो उठून जात नाही. वाचेल की नाही ते पंधरा दिवसांनी कळेल. मी सुट्टी टाकली. तिसऱ्या दिवशी दुपारी अजगराला टोपलीत ठेवलं, खण रिकामा केला, मोठं दार घट्ट लावलं, पत्र्यावर एक थर्मामीटर ठेवला आणि हीटर सुरू केला. तासाभरानं पाहिलं. वर हवा तीस. खाली पत्रा अठ्ठावन्न.

दार बंद असताना अठ्ठावन्न.

म्हणजे तो प्राणी पहिल्या दिवसापासून थोडाथोडा भाजतच होता. उघड्या दारानं त्या एका सकाळी ते वाढलं इतकंच. कागदावरचा तपकिरी डाग तेच सांगत होता आणि वहिनींनी तो आणून माझ्या हातात दिला होता.

खालून हाक आली, "भावजी, काही निघालं का?"

"नाही," मी म्हणालो. "बघतोय अजून."

हे मी का केलं याची कारणं मी स्वतःला पुष्कळ देत आलो. जंगल खात्याची चिठ्ठी रद्द होईल. गटात सगळे मला इंजिनियर म्हणतात, मी खरा डिप्लोमावाला, त्यांचा विश्वास जाईल. पण ती खरी कारणं नव्हती. मॅट्रिकनंतर शाळा सोडलेल्या बाईला जे एका कागदावरून दिसलं ते मला दिसलं नाही, याची लाज होती. आणि लाज जेवढे दिवस सांभाळावी तेवढी ती बोलायला अवघड होत जाते.

रॅक मात्र मी नीट केली, आणि त्या कामात मी काही लपवलं नाही. पट्टी तळातून काढून टाकली. तिच्याऐवजी कमी वॅटची पट्टी खणाच्या मागच्या भिंतीला बाहेरून, दोन बोटं अंतर सोडून, आणि तीही अर्ध्याच लांबीला, म्हणजे खणाचा एक कोपरा उबदार आणि दुसरा थंड. साप आपल्याला हवं तिथे बसेल. लांब नळी आणली आणि कांडी उबदार बाजूच्या तळाशी, सापाचं पोट टेकतं तिथे, क्लॅम्पनं आवळली, वरून जाळी, म्हणजे वेटोळ्यात ती उपटली जाणार नाही. एकाच्या मागे एक असे दोन थर्मोस्टॅट लावले. पहिला चिकटून बसला तर दुसरा वीज तोडेल. लोखंडी चौकटीला अर्थिंग. पाण्याची वाटी सांडली तर वीज बंद करणारा स्विच. मग रिकामी रॅक सात दिवस चालवली आणि सकाळ-संध्याकाळ तळाचं तापमान वहीत लिहिलं. हाताचा मागचा भाग पत्र्यावर दोन मिनिटं ठेवून बघायचो. सुखकर वाटलं पाहिजे, नुसतं सोसवलं म्हणून पुरत नाही. वीज गेली तर काय, यासाठी मी बाजारातून शेकायच्या दोन रबरी पिशव्या आणल्या आणि जुन्या चादरीत गुंडाळून ठेवल्या. हे सगळं करताना मी कुणाच्या सांगण्यावर चाललो आहे हे मला माहीत होतं.

अजगर वाचला. फेब्रुवारीत त्यानं कात टाकली आणि नव्या कातडीवर पोटाला दोन फिकट चट्टे राहिले. चैत्रात जंगल खात्याच्या जीपमधून आम्ही त्याला सोडून आलो. नदीकाठच्या झुडपात शिरताना त्यानं वळूनही पाहिलं नाही. मला आनंद झाला होता. वहिनींना मी म्हटलं होतं चला म्हणून. त्या आल्या नाहीत.

अजगर भाजला त्या दिवसापासून त्या वरच आल्या नव्हत्या. वाट्या भरणं, कागद बदलणं त्यांनी सोडलं. "माझ्या हातून परत काही व्हायला नको," एवढंच. फोनचंही तसंच. घंटा वाजली की रिसीव्हर उचलून बाजूला ठेवायच्या आणि हाक मारायच्या, "भावजी, तुमचा." मी घरी नसलो तर दुसऱ्या मित्राचा नंबर सांगून ठेवून द्यायच्या. रंग विचारायच्या नाहीत. लोकांना ते जाणवायचं. एक-दोघांनी मला विचारलंही, "पेला बेन क्यां गया?" त्या बाई कुठे गेल्या?

आणि पंचमी. आमच्याकडे नागपंचमीला तवा चुलीवर ठेवत नाहीत, चिरत नाहीत, तळत नाहीत. उकडलेलं खायचं, पुरणाची दिंडं. त्या श्रावणात ते झालं. पण भाद्रपदात ऋषिपंचमीला दादासाठी पोळ्या झाल्या नाहीत, आणि अश्विनातल्या पंचमीलाही नाहीत. दर महिन्याच्या शुद्ध पंचमीला खिचडी.

"माझ्या गणितानं नागपंचमी वर्षातून एकदा येते," दादा म्हणाला.

"तुमचं गणित शाळेत ठेवा."

"अगं, पण का?"

वहिनींनी ताटाकडे बघत सांगितलं. "पंचमीला तवा का ठेवत नाहीत? त्यांना चटका बसतो म्हणून. लोक नुसतं मानतात. मी खरंच भाजलं." मग त्यांनी मला तूप वाढलं. "घ्या ना भावजी, गार होतेय."

मी तूप घेतलं. मी खिचडी खाल्ली. ज्या पापाचं त्या प्रायश्चित्त घेत होत्या ते माझं होतं, आणि त्यांच्या हातचं ते प्रायश्चित्त मी महिन्याच्या महिन्याला पोटभर जेवत राहिलो. नऊ वर्षं.

ती नऊ वर्षं वाईट गेली असं म्हणणं खोटं होईल. घर हसतं-खेळतं होतं. दादा निवृत्त झाला, टीव्हीवर दहाची पन्नास चॅनेलं झाली, रॅक दोनदा वाढवली, शेकड्यानं साप बरे होऊन गेले आणि पुन्हा एकही भाजला नाही. वहिनी दिवाळीला पहिल्यासारख्याच चिवड्यात जास्त तिखट घालायच्या. फक्त फोनची घंटा वाजली की त्यांचा चेहरा अर्धा क्षण मिटायचा. तो दुसऱ्या कुणाला दिसत नव्हता. मी नेमका तिकडेच बघायचो.

मग तो रविवार. गटात कॉलेजातली नवी मुलंमुली आली होती. त्यांच्यापैकी पाच-सहा जण रॅक कशी करायची ते शिकायला आमच्याकडे आले. मी सगळं उघडून दाखवलं. कांडी, दोन थर्मोस्टॅट, अर्धा उबदार खण. एका मुलीनं वही काढली होती. तिनं विचारलं, "सर, हे एवढं सगळं आधीपासून होतं, की पहिल्या वेळी काही चुकलं होतं?"

मी नेहमीचं वाक्य सुरू केलं. "पहिल्या वेळी एकदा थंडीत रॅकचं दार…"

"दार मी उघडं टाकलं होतं."

वहिनी दारात उभ्या होत्या. हातात खिचडीचं पातेलं, मागे दादा ताकाचा जग घेऊन. पंचमी होती, तिथी माझ्या लक्षात नव्हती. नऊ वर्षांत त्या पहिल्यांदाच वर आल्या होत्या, आणि त्याही एवढ्यासाठी की पोरं उपाशी परत जाऊ नयेत. "माझ्या निष्काळजीपणानं एक अजगर भाजला होता बघा," त्या मुलांना म्हणाल्या, शांतपणे, एखाद्या बाईनं स्वतःच्या मधुमेहाबद्दल सांगावं तसं. "म्हणून सांगते, पोरींनो, फोन वाजू दे, कुणी हाक मारू दे, आधी दार लावायचं. मी विसरले, तसं करू नका."

ती मुलगी ते वहीत उतरवून घ्यायला लागली.

पुढे काय झालं ते आधी सांगतो. मुलं गेल्यावर दादा मला म्हणाला, "नऊ वर्षं मी तुझ्यापायी पोळीवाचून जेवलो!" आणि मग दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलला. वहिनी माझ्याशी दोन दिवस फक्त 'वाढू का' आणि 'पुरे का' एवढंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा फोन वाजला, आणि खालून आवाज आला, "बेन, गभराशो नहीं. रंग केवो छे?" वाट्या पुन्हा त्याच भरतात. आता गुडघ्यामुळे जिना सावकाश चढतात आणि चढताना मला नावं ठेवतात. पंचमीचा तवा मात्र त्यांनी अजून चढवलेला नाही. म्हणतात, आता खिचडीच आवडायला लागली.

आणि माफी. पुष्कळ वर्षं मी मनात ती फार सजवून ठेवली होती. सगळ्यांसमोर दोष दिला होता, तेव्हा सगळ्यांसमोरच मागायची होती, आणि समोर ती परकी मुलं, वही घेतलेली मुलगी, जग धरलेला दादा असे सगळे होते. सजवलेलं काही आठवलं नाही. मी त्या मुलीला म्हणालो, "ते खोडा." मग वहिनींकडे वळलो. पातेलं त्यांच्या हातात तसंच होतं.

"वहिनी, तो अजगर दारामुळे भाजला नाही. कांडी मी हवेत टांगली होती, खाली तळाशी लावायची सोडून. नळी लहान होती आणि मला चार दिवस धीर नव्हता. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी दार बंद करून पत्रा मोजला, अठ्ठावन्न होता. तुम्ही खालून विचारलंत काही निघालं का, आणि मी नाही म्हणालो. तुम्ही तो भाजलेला कागद मला आणून दाखवला होता, तुमचंच बरोबर होतं. दोष माझा होता, मी तो तुमच्यावर घातला, आणि नऊ वर्षं गप्प बसून तुम्हाला तो वाहू दिला. मला माफ करा."